चिंक्वे तेर्रे की सान फ्रुत्तुओझो? एकच दिवस हातात असेल तर

उन्हाळ्यात मिलानला पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी चहाबरोबर हा प्रश्न येतोच. एक दिवस समुद्रासाठी ठेवलाय, थोडं चालायचंय, मग मनसोक्त डुंबायचंय, तर कुठे जाऊ? खरं तर फोटो बघून चिंक्वे तेर्रे, म्हणजे समुद्रकाठची ती पाच गावं, आधीच ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मी तो लगेच देत नाही. जेनोआहून ला स्पेत्सियाकडे जाणाऱ्या त्याच रेल्वेमार्गावर बरंच अलीकडे कामोल्यी लागतं. तिथून डोंगर ओलांडला की सान फ्रुत्तुओझोचा मठ. दोन्ही जागा लिगुरिया या किनारी प्रांतातल्याच, दोन्हीकडे एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला निळंशार पाणी. मग फरक कुठे? परत कसं यायचं, यात.

चिंक्वे तेर्रेची पाच गावं रेल्वेनं एकमेकांपासून काही मिनिटांवर आहेत. बोगदा, क्षणभर समुद्र, पुन्हा बोगदा, की आलं पुढचं गाव. त्यामुळे इथे दमलात, पाऊस आला, पोरगं रडायला लागलं, तर पुढचं गाव गाठा आणि गाडीत बसा. एका दिवसात मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा एवढाच टप्पा करावा, असं माझं मत. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास, वेळ मात्र दोन तास, कारण मोंतेरोस्सोच्या बाजूनं सुरुवातीलाच पायऱ्यांची चढण छातीवर येते. वर पोचलं की द्राक्षांचे आणि लिंबांचे मळे, आणि त्यांना धरून ठेवणारे चुना-सिमेंटशिवाय रचलेले दगडी बांध. कोकणातला माणूस हे बघून लगेच ‘गडगे’ म्हणेल, फक्त इथले गडगे आख्खा डोंगर तोलून आहेत. 1997 मध्ये या भागाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात या बांधांच्या शेतीचा वाटा मोठा आहे.

हा भाग राष्ट्रीय उद्यान आहे, म्हणून या वाटेला पार्कचं कार्ड लागतं. रेल्वेप्रवास धरून मिळणारं कार्ड घ्या, तेच सोयीचं पडतं. स्लिपर घालून वाटेवर गेलात तर दंड होऊ शकतो. दरडींमुळे काही टप्पे बंदही असतात, म्हणून निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर नजर टाका. रिओमाज्जोरे आणि मानारोला यांच्यामधली प्रसिद्ध ‘प्रेमाची वाट’ 2012 मध्ये दरड कोसळून बंद झाली होती, ती 2024 मध्ये पुन्हा उघडली. पण तो एक किलोमीटरहून छोटा, सपाट फेरफटका आहे. त्याला हायकिंग म्हणू नये.

पोहायला मोंतेरोस्सोला वाळू आहे. ती बरीचशी भाड्याच्या छत्र्यांनी व्यापलेली असते, मधेमधे फुकट पट्टे सापडतात. वेर्नात्साला बंदरातच तळहाताएवढा किनारा. मानारोलाला कातळावरून थेट खोल पाण्यात उतरायचं, तिथे पक्क्या पोहणाऱ्यांनीच जावं. आणि गर्दी! जुलै-ऑगस्टमध्ये फलाटावर दादरची आठवण येते, यापेक्षा वेगळं सांगायला नको.

आता सान फ्रुत्तुओझो. इथे रस्ताच नाही, पायी या किंवा बोटीनं. कामोल्यी स्टेशनवरून पायऱ्या चढत सान रोक्कोच्या चर्चपाशी पोचायचं, तिथे वाट फुटते. वरची वाट जंगलातून पिएत्रे स्त्रेत्तेला जाते आणि मग सरळ खाली उतरते. चालायला साधारण अडीच तास, बराचसा वेळ सावलीत. खालची वाट दुसऱ्या महायुद्धातल्या बंकरांवरून जाते आणि पुढे कातळाला ठोकलेल्या साखळ्या धरून सरकावं लागतं. सह्याद्रीत साखळ्या-शिड्यांची सवय असलेल्यांनी कोरड्या दिवशी खुशाल जावं. इतरांनी वरचीच धरावी. या खालच्या वाटेवर काला देल्लोरो नावाची एक खाडी दिसते, पाणी इतकं नितळ की उडी मारावीशी वाटते. मारू नका. समुद्री अभयारण्याचा तो गाभा आहे, तिथे पोहायला बंदी आहे.

उतरताना झाडांतून आधी दिसतो तो मनोरा, मग मठाच्या कमानी, आणि शेवटी कमानींसमोरच किनारा. वाळू नाही, गोटे. पहिली दहा पावलं माणूस तापलेल्या तव्यावर चालल्यासारखा चालतो, मग पाणी कमरेला लागतं आणि सगळं माफ होतं. मठाच्या आत जेनोआच्या दोरिया या सरदार घराण्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या समाध्या आहेत. बाहेर खाडीत सुमारे 17 मीटर खोलीवर, हात वर केलेला ब्राँझचा ख्रिस्त 1954 पासून उभा आहे. तो बघायला पाणबुडे बोटीनं जातात, किनाऱ्यावरून पोहण्याचा गॉगल लावून दिसणार नाही.

गोम आहे ती परतीत. आम्ही एकदा पोहून, केस पिळून धक्क्यावर गेलो, तर खिडकीवर हातानं लिहिलेली पाटी: ‘मारे मोस्सो’. समुद्र खवळलाय, बोट नाही. सकाळी येताना पाणी बशीतल्या दुधासारखं होतं. ओल्या कपड्यांवर बूट चढवून आलो तो डोंगर पुन्हा चढलो, आणि कामोल्यीला पोचेपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.

खाण्याच्या बाबतीत शाकाहाऱ्यांची दोन्हीकडे सोय होते. फारिनाता म्हणजे बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेलाचं भट्टीतलं जाड धिरडं, वरून मिरपूड. पण कामोल्यीच्या शेजारीच रेक्को आहे आणि तिथला पातळ, चीज भरलेला फोकाच्चा (भट्टीतला पाव) गरम मिळाला तर मी तेवढ्यासाठीही कामोल्यीला उतरेन. सान फ्रुत्तुओझोत मात्र खायचे पर्याय मोजकेच, डबा आणि पाणी बरोबर न्या.

तेव्हा आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील, किंवा इटलीला पुन्हा येणं कधी होईल कोण जाणे असं असेल, तर चिंक्वे तेर्रे, तेही सकाळी लवकर. दोघं-तिघं धडधाकट असाल आणि चालून घामाघूम झाल्यावरच पाण्यात पडायची मजा ठाऊक असेल, तर मी दर वेळी सान फ्रुत्तुओझोच सांगेन. जून किंवा सप्टेंबर उत्तम. मे महिन्यात वाट सुंदर असते, पाणी मात्र अंगावर काटा आणतं. ऑगस्टच्या रविवारी दोन्हीकडे जाऊ नका.

कामोल्यीला उतरलात की डोंगर चढण्याआधी बंदरावर जाऊन शेवटच्या बोटीची वेळ विचारा. समुद्राची लक्षणं ठीक दिसली नाहीत तर स्टेशनवर परत फिरा. मोंतेरोस्सोकडे जाणारी गाडी त्याच रुळांवरून येते, फार तर सेस्त्री लेवान्तेला बदलावी लागेल. त्या दिवशी पोहणं मात्र तिथेही जपूनच.