आहार-स्मरण की वारंवारता प्रश्नावली?

विद्यार्थी-प्रकल्पात आहार कसा मोजायचा, हे मार्गदर्शकांसोबतच्या पहिल्याच बैठकीत ठरवावे. २४ तासांच्या आहार-स्मरण पद्धतीत आदल्या दिवशी खाल्लेले सर्व काही विचारले जाते. ‘थोडेसे तेल’ म्हणजे किती, हे वाटी-चमचा समोर ठेवून ठरवावे लागते आणि एका दिवसावरून नेहमीचा आहार कळत नसल्याने निदान काही जणांची तरी मुलाखत, लागून नसलेल्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा घ्यावी लागते. वारंवारता प्रश्नावली, म्हणजे कोणता पदार्थ किती वेळा खाल्ला हे विचारणारी यादी, गेल्या महिन्याच्या किंवा वर्षाच्या आहाराचा अंदाज एकाच भेटीत देते. मात्र ती त्याच लोकसमूहासाठी पडताळलेली नसेल, तर आकडे फसवे ठरू शकतात. (नवी प्रश्नावली घडवणे हा स्वतंत्रच प्रकल्प असतो.) पडताळलेली प्रश्नावली हाताशी नसेल, तर मी स्मरण पद्धतच निवडेन. नैतिकता समितीची मंजुरी दोन्हींसाठी पहिल्या मुलाखतीआधीच घ्यावी.