जोंगाची सर्व्हिस हिस्टरी काढून देतो म्हणणाऱ्याला मी ३९,५०० रुपये दिले, तुम्ही देऊ नका

माझ्याकडं एक जोंगा आहे, मिलिटरीच्या लिलावातनं बाहेर पडलेली. २०१९ ला शिरोळ तालुक्यातल्या एका ऊसवाल्याकडनं घेतली तेव्हा गोठ्यामागं उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. ज्यांना जोंगा माहीत नाही त्यांच्यासाठी, निसान पॅट्रोलचं लायसन्स घेऊन जबलपूरला आर्मीसाठी बनवलेली गाडी, जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली यातली पहिली अक्षरं घेऊन जोंगा, १९६९ ते १९९९ निघाली. मूळ इंजिन सहा सिलिंडरचं पेट्रोल, चार लिटरला थोडं कमी, त्यामुळं ॲव्हरेज विचारू नका. म्हणून सिव्हिलमध्ये आलेल्या बऱ्याच जोंगांना लोकांनी डिझेल इंजिनं घातलीत, माझ्या गाडीलापण आधीच्या मालकानं मॅटाडोरचं घातलंय आणि आरसीवर तशी नोंदपण आहे. हे एवढं डोक्यात ठेवा.

गाडी उभी केली, रंग दिला, हुड शिवून घेतला, सगळं झालं आणि मग मला तो किडा चावला की ही गाडी आर्मीत असताना कुठं होती. जुनी मिलिटरीची गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला हा किडा चावतोच. मी चार ठिकाणी विचारलं, चार लोकांना सांगितलं, आणि एक दिवस एका माणसाचा फोन आला, बोलणं एकदम अदबीचं, साहेब साहेब करत, म्हणाला मी मिलिटरी व्हेईकल रिसर्चर आहे, जबलपूर आणि पुण्याला आतले कॉन्टॅक्ट आहेत, तुमच्या गाडीची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी काढून देतो.

आता तो फोन आठवला की लाज वाटते. तासभर बोललो आम्ही. म्हणजे बोललो मीच, तो नुसता विचारत होता. गाडी कधी घेतली, कागद काय काय आहेत, घरात कुणी फौजेत होतं का. आणि मी सुटलो. आमचे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पहिल्या मराठा बटालियनला होते, जंगी पलटण, १९७१ च्या बांगलादेश युद्धात जमालपूरच्या लढाईत होते, डिसेंबरची १० तारीख, रात्रीची गोष्ट, ती ते दर दिवाळीला सांगायचे. पाकिस्तानी कर्नलला सरेंडर कर म्हणून चिठ्ठी पाठवली तर त्यानं उलट चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, हे सांगताना आबा कायम थांबायचे आणि आमच्या तोंडाकडं बघायचे. आबा २००९ ला गेले. हे सगळं मी एका अनोळखी माणसाला फोनवर सांगितलं, वर आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सॲप केले.

पैसे एकदम नाही घेतले त्यानं. आधी ५,००० सर्च फी. पंधरा दिवसांनी, रेकॉर्ड सापडलंय, कॉपी काढायला १२,०००. मग स्कॅनिंग आणि सर्टिफाईड करायचे ८,५००. शेवटी फाईल तयार आहे म्हणून १४,०००. प्रत्येक वेळी वाटायचं आता एवढे दिलेत तर अजून थोडे. बायको पहिल्यापासनं म्हणत होती की सरकारी कागदाला एवढ्या वेळा पैसे लागतात का, मी म्हटलं तुला यातलं कळत नाही.

फाईल आली कुरिअरनं. हिरव्या कापडी बाईंडिंगची, आत पिवळट पानं, गोल शिक्के, पहिल्याच पानावर डाव्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा अर्धा गोल डाग. त्यात लिहिलेलं की ही जोंगा १९७१ मध्ये पहिल्या मराठा बटालियनकडं होती आणि जमालपूरला गेली होती. आबांच्याच पलटणीत! मी गाडीत जाऊन बसलो आणि रडलो, खोटं कशाला सांगू. स्टेअरिंगला हात लावला आणि वाटलं आबांनीपण हात लावला असंल. बायकोनं पानं चाळली आणि एवढंच म्हणाली, वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी आणि पेन सगळीकडं एकच कसा हो. मी चिडलो तिच्यावर.

वर तो माणूस म्हणाला आता तुमची गाडी ५० वर्षांच्या वर गेली, व्हिंटेजला घालू, माझा माणूस आहे, २५,००० द्या. हा नियम खरा आहे, जुलै २०२१ मध्ये आलाय, ५० वर्षांवरच्या दुचाकी चारचाकीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नवीन रजिस्ट्रेशनची सरकारी फी २०,००० आणि मुदत १० वर्षं. पण त्यात गाडी मूळ रूपात लागते, चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल चालत नाही. मॅटाडोरचं इंजिन घातलेली जोंगा कुठनं बसायची त्यात. ते २५,००० मी दिले नाहीत, शहाणपणानं नव्हे, तेवढे शिल्लकच नव्हते म्हणून.

२६ जानेवारी २०२४ ला आमच्या गल्लीतल्या तालमीच्या झेंडावंदनाला जोंगा उभी केली, बॉनेटवर फाईल उघडून ठेवली, शेजारी आबांचा युनिफॉर्ममधला फोटो. पोरं सेल्फी काढत होती, जिलेबी वाटप चाललेलं. माझ्या मित्राचे सासरे आले होते, सैनिक टाकळीचे, ज्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत असतो तिथले, एमटीमधनं, म्हणजे फौजेच्या गाड्या सांभाळणाऱ्या विभागातनं, सुभेदार म्हणून रिटायर झालेले. आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणतो. मामांनी चष्मा लावला, फाईल पहिल्या पानापासनं शेवटपर्यंत बघितली, चांगली दहा मिनिटं, परत पहिल्या पानावर आले आणि हळूच मला बाजूला घेऊन म्हणाले, "पावणं, ह्यात बीए नंबर कुठाय?"

मला बीए नंबर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. पाच वर्षं गाडी माझ्याकडं आणि माहीत नाही.

तर आर्मीच्या गाडीला आरटीओचा नंबर नसतो, तिचा स्वतःचा नंबर असतो, सुरुवातीला वर टोक असलेला बाण, मग दोन आकडे, मग एक अक्षर, मग पुढचा नंबर आणि शेवटी परत एक अक्षर. त्या बाणाला इंग्रजीत ब्रॉड ॲरो म्हणतात म्हणून बीए नंबर. पहिले दोन आकडे म्हणजे गाडी ज्या साली आर्मीत घेतली ते साल. मामा म्हणाले, फौजेत गाडीला दुसरी ओळखच नाही, पेट्रोल भरा, रिपेअरला टाका, एका युनिटकडनं दुसऱ्या युनिटला द्या, सगळीकडं बीए नंबर लिहायचा, आणि ह्या साठ पानांत तो एकदापण नाही. मग शिक्क्यावर बोट ठेवलं. "आणि १९७१ साली बेळगावी कुणी लिवलं?" शिक्क्यात इंग्रजीत बेळगावी असं कोरलेलं होतं. इंग्रजीतलं बेलगाम जाऊन बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. आपण कोल्हापूरकर, बेळगावच्या नावावरनं जन्मभर तावातावानं बोलणारे, आणि मी तो शिक्का दोन महिने भक्तिभावानं बघत होतो.

मी त्याच वेळी फाईल बंद केली, पण मनात अजून धडपड होती की शिक्का नंतर मारला असंल, कॉपी काढताना घोळ झाला असंल. माणूस स्वतःचीच समजूत काढत बसतो बघा. चार दिवसांनी उद्यमनगरला आमच्या मिस्त्रीकडं ऑइल बदलायला गेलो, फाईल गाडीतच होती, त्यानं चाळली आणि हसायलाच लागला. फाईलमधल्या १९७१ च्या पानावर इंजिन नंबर लिहिलेला होता. मिस्त्री म्हणाला, "भावा, ह्यो नंबर मॅटाडोरच्या इंजिनचा हाय की, म्याच बसवलंय २००३ ला, ते जमालपूरला कुठनं गेलं?" ऊसवाल्यानं इंजिन बसवून घेतलं ते याच्याचकडनं.

बॉनेट उघडून नंबर बघितला. तोच. आरसीवर तोच, फाईलमध्ये तोच. म्हणजे मी पाठवलेल्या आरसीच्या फोटोवरनं त्यानं नंबर उचलला आणि १९७१ च्या पानावर लिहिला. तेव्हा डोक्यात लखलखीत उजेड पडला की त्या फाईलमध्ये असं काहीच नाही जे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. आबांची पलटण मी सांगितली, जमालपूर मी सांगितलं, इंजिन नंबर मी दिला. माझंच मला बाईंडिंग करून विकलं, तेही ३९,५०० ला. घरी येऊन परत बघितलं तर जानेवारी १९७२ च्या एका पत्राच्या लेटरहेडवर सहा आकडी पिनकोड, जो देशात सुरूच झाला १५ ऑगस्ट १९७२ ला.

मग मामाच म्हणाले की कागद राहू दे, गाडीला विचार, बीए नंबर बंपरवर रंगवलेला असतो. मागचा बंपर मी २०२० मध्येच उद्यमनगरला सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं सगळा रंग उडवून, आणलेला, तिथं काय असंल ते गेलं, याचं मला फाईलपेक्षा जास्त वाईट वाटतं. कुणी जुनी आर्मीची गाडी घेतली असंल तर आधी बंपर ब्लास्टिंगला पाठवू नका एवढं ऐकाच. पुढचा बंपर मात्र मी नुसता घासून वरनं रंगवलेला. रविवारी मी आणि मामा बसलो, साबणाचं पाणी, ४०० चा वॉटर पेपर, मग ८००, जोर न लावता. वर माझा हिरवा, खाली ऊसवाल्याचा लाल, त्याच्याखाली आर्मीचा जुना हिरवा. दोन तास काही नाही. मामांनी टॉर्च बंपरला चिकटवून आडवी धरली तर रंगाच्या कडा उठून दिसायला लागल्या, आधी बाणाचं टोक, मग ७, मग ६, मग बी सारखं अक्षर आणि पुढचे तीन आकडे. बाकीचे गेलेले.

७६. जमालपूर झालं तेव्हा ही गाडी जन्मालापण आली नव्हती.

राहिलेले आकडे आरटीओच्या फाईलमध्ये मिळाले. आर्मीची गाडी सिव्हिलमध्ये रजिस्टर करताना फॉर्म २१ मध्ये मूळ सेल सर्टिफिकेट जोडावं लागतं, माझ्या गाडीच्या जुन्या फाईलला ते आणि लिलावाचा कागद होताच. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज केला, पानाला २ रुपये घेऊन कॉपी दिल्या, पूर्ण बीए नंबर त्यात, सुरुवात ७६ नं. आता हा नंबर घेऊन मामा त्यांच्या ओळखीच्या जुन्या एमटीवाल्यांना विचारतायत, चहा सोडून काही घेत नाहीत.

त्या माणसाचा नंबर बंद आहे. १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पोलीस स्टेशनला जाऊन जबाबपण दिला, पण पैसे गेल्या गेल्या लगेच फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येतात, मी शेवटचा हप्ता दिल्यावर दोन महिन्यांनी गेलो. ज्या खात्यात पैसे गेले ते भलत्याच कुणाच्या नावावर.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात इचलकरंजीचा एक जण घरी आला, माझी गोष्ट त्याच्या कानावर गेलेली. त्याच्याकडं जुनी महिंद्राची जीप आहे, सीजे थ्री बी, आणि त्याचे आजोबा १९६५ च्या युद्धात खेमकरणला होते. त्यानं पिशवीतनं फाईल काढली, हिरवं कापडी बाईंडिंग. त्याच्या जीपनं १९६५ ला खेमकरण गाजवलेलं. मी काही न बोलता माझी फाईल आणून शेजारी ठेवली आणि दोन्हींचं पहिलं पान उघडलं. डाव्या कोपऱ्यात कपाचा अर्धा गोल डाग, दोन्हीकडं तोच, तेवढाच.