एकूण विद्युत प्रभार: कार्तीय की ध्रुवीय सहनिर्देशक?

दुहेरी संकलनाने (पृष्ठभर दोन दिशांत बेरीज करून) एकूण प्रभार काढताना सहनिर्देशक कार्तीय (x, y) घ्यावेत की ध्रुवीय (केंद्रापासूनचे अंतर व कोन), या संभ्रमात असलेल्याने प्रभार घनतेच्या (दर चौरस मीटर प्रभाराच्या) सूत्राआधी पृष्ठाची कड पाहावी.

२ मीटर त्रिज्येच्या चकतीवर प्रत्येक चौरस मीटरला केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाइतके मायक्रोकुलंब असतील, तर ध्रुवीय पद्धतीत क्षेत्रघटकात (क्षेत्राच्या सूक्ष्म तुकड्यात) एक जादा त्रिज्या येत असल्याने त्रिज्येच्या घनाचे ० ते २ संकलन ४ येते आणि २π ने गुणल्यावर सुमारे २५.१ मायक्रोकुलंब मिळतात; कार्तीय पद्धतीत मात्र सीमांमध्ये वर्गमूळ शिरते आणि सहसा त्रिकोणमितीय आदेशन (चलाच्या जागी sin किंवा cos घालणे) करावे लागते. ही जादा त्रिज्या विसरण्याचा धोका कार्तीय पद्धतीत नाही, हेही खरे.

अक्षांलगतच्या २ बाय ३ मीटर आयतावर घनता दोन्ही सहनिर्देशकांच्या गुणाकाराइतकी असल्यास २ गुणिले ४.५, म्हणजे ९ मायक्रोकुलंब, हे उत्तर दोन ओळींत येते. ध्रुवीय सीमा तेथे कर्णावर उगाच तुटतात.

चकती, कडे (दोन समकेंद्री वर्तुळांमधील पट्टा) वा वर्तुळपाकळीसाठी ध्रुवीय, आयतासाठी आणि बहुतेक त्रिकोणांसाठी कार्तीय पद्धत घ्यावी.