‘आय-सेव्हन’ म्हणून पंधरा वर्षांपूर्वीचं मशीन गळ्यात मारलं : मुलांसाठी कॉम्प्युटर घेणाऱ्यांनी वाचा

खेड्यातून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी कॉम्प्युटर घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला आधी एकच विचारा : प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय? प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. ‘आय-फाइव्ह आहे’, ‘आय-सेव्हन आहे’ एवढ्या उत्तरावर पैसे काढू नका. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घरचे ३८,००० रुपये याच अर्ध्या उत्तरावर गेले.

माझी पुतणी पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शाखेत दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा कापसाचा चुकारा आला तसे मोठे भाऊ तिला घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “भाऊ, आय-सेव्हन आहे, सगळ्यात वरचा. पोरीले नोकरी लागेपर्यंत पाहाचं काम नाही.” मॉनिटर, यूपीएस धरून ३८,०००, त्यात ‘ओरिजिनल विंडोज’चे म्हणून १,५०० वेगळे लावलेले. अर्धे पैसे फोनवरून, अर्धे रोख. हातात मिळाली एक चिठ्ठी : ‘कॉम्प्युटर सेट आय-सेव्हन, नवा’. जीएसटी नंबर नाही, कुठल्याच पार्टचा सिरियल नंबर नाही.

मी नोकरीमुळे वर्ध्याला असतो. गावी आलो तेव्हा पुतणी म्हणाली, “काका, आमच्या लॅबमधला जुना कॉम्प्युटर याच्याहून फास्ट चालते.” म्हणून मशीन नीट तपासलं.

प्रोसेसर निघाला आय-सेव्हन २६००. इंटेल कंपनीने तो जानेवारी २०११ मध्ये बाजारात आणला. दुकानदार नावापुरतं खरं बोलला होता, कारण ‘आय-सेव्हन’ हे नाव २००८ पासून चालत आलंय आणि त्या नावाखाली कितीतरी पिढ्या येऊन गेल्या. पिढी ओळखायची खूण सोपी आहे. डेस्कटॉपच्या चार-पाच आकडी नंबरातले शेवटचे तीन आकडे झाका, उरलं ती पिढी. २६०० म्हणजे दुसरी, १२१०० म्हणजे बारावी. २०२२ चा साधा आय-थ्री १२१०० सुद्धा या जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. (इंटेलने अलीकडे ‘कोअर अल्ट्रा’ अशी नवी नावं आणली आहेत, तिथे हा हिशेब लागत नाही.)

मदरबोर्डचं खोकं कोरं करकरीत होतं. आत एच-६१ चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप), तोही २०११ च्याच काळातला. असे बोर्ड अजून नव्या खोक्यात विकले जातात. त्यात रॅम जुन्या प्रकारची, डीडीआर-थ्री लागते, म्हणजे पुढे नवा प्रोसेसर टाकायचा म्हटलं तर बोर्ड आणि रॅम दोन्ही बदलावे लागतात.

पण खरा संताप आला तो हार्ड डिस्क पाहून. प्रत्येक डिस्क आपण किती तास चालू होतो याची नोंद स्वतःच ठेवते. क्रिस्टल डिस्क इन्फो हे फुकट सॉफ्टवेअर ती दाखवतं. ‘नव्या’ डिस्कवर ३१,००० तासांवर आकडा होता. दिवसरात्र चालली असं धरलं तरी साडेतीन वर्षं होतात! कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला माल शेतकऱ्याला नवा म्हणून विकला.

आणि ते ‘ओरिजिनल’ विंडोज. कमांडच्या खिडकीत ‘एसएलएमजीआर’, मग जागा सोडून ‘/एक्सपीआर’ (इंग्रजी अक्षरांत) टाइप केल्यावर व्हॉल्यूम अॅक्टिव्हेशन संपण्याची तारीख आली. हा परवाना मोठ्या कंपन्या-संस्थांसाठी असतो आणि दर १८० दिवसांच्या आत नव्याने करावा लागतो. घरच्या मशीनवर तो दिसला की अॅक्टिव्हेटर (परवाना नसताना विंडोज चालू करणारं बेकायदेशीर सॉफ्टवेअर) वापरलाय असं समजा. ‘कायमचं अॅक्टिव्ह’ असं दिसलं तरी निर्धास्त होऊ नका, तेही बनावट रीतीने करता येतं. परवान्याचं बिल मागा. त्याहून वाईट म्हणजे विंडोज सिक्युरिटीत (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये) अख्खी सी ड्राइव्ह तपासणीतून वगळलेली होती. अॅक्टिव्हेटर पकडला जाऊ नये म्हणून हे करतात, पण मग दुसरा कुठलाही व्हायरस आला तरी कळणार नाही. याच मशीनवर भाऊ बँकेचं खातं उघडणार होते.

शिवाय ते होतं विंडोज १०. त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि हे मशीन आम्हाला विकलं त्यानंतर. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे ती वाट या मशीनला बंद.

आम्ही सगळं पुसून विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. ते फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि सुरक्षेचे अपडेट येत राहतात. पुतणीचं सी, जावा, पायथन त्यावर उत्तम चालतं, युनिकोड मराठी टायपिंग होतं, लिब्रे ऑफिसात प्रोजेक्ट रिपोर्ट होतो. ज्याला टॅली किंवा ऑटोकॅड लागतं त्याने मात्र विंडोज ११ चालेल असंच मशीन घ्यावं आणि परवाना पैसे देऊन घ्यावा. कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर असेल तर लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवताना डोकेदुखी होते, हेही सांगून ठेवतो.

मिंट भरलेला, त्यावरूनच मशीन सुरू होईल असा पेनड्राइव्ह दुकानात न्यावा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. विंडोजमधलं प्रोसेसरचं नाव खटपट करून बदलता येतं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की दुकानदाराच्या विंडोजचा संबंधच उरत नाही. काहीही इन्स्टॉल न करता प्रोसेसर, रॅम आणि डिस्कचे तास तिथल्या तिथे दिसतात. नाही म्हणणाऱ्या दुकानातून उठून या.

आम्ही फोटो घेऊन परत गेलो. “खोललेला माल वापस होत नाही,” हे पहिलं उत्तर. बरंच बोलणं झाल्यावर विंडोजचे १,५०० परत मिळाले आणि डिस्क बदलून मिळाली. बाकीला साफ नकार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जुना माल नवा म्हणून विकणं आणि बिल न देणं, दोन्ही अनुचित व्यापार प्रथेत मोडतात. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते, मुदत दोन वर्षांची.

‘नवा’ लिहिलेली ती चिठ्ठी, फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद आणि डिस्कच्या तासांचा फोटो, एवढा पुरावा आमच्याकडे आहे. कुणाकडे असाच सेट आला असेल तर डिस्क बदलून घेण्याआधी तासांचा फोटो काढून ठेवा, नंतर तो पुरावा दुकानदाराकडे जातो.