चारशेवीस डॉलरचा ग्रेट्झकी

आकडा मीच ठरवला, हे आधी सांगून टाकतो. एका जुन्या हॉकी कार्डाचे समोरचा पाचशे म्हणत होता. मी साडेतीनशेपासून सुरुवात केली आणि घासाघीस करत त्याला ४२० वर आणलं. घरी आल्यावर बायकोने फक्त एवढंच विचारलं, "कितीला?" आकडा ऐकून ती इतकी हसली की हातातला चहा सांडला. मला तेव्हा विनोद कळला नाही. तो कळायला नऊ दिवस लागले.

आम्ही ब्रॅम्प्टनला राहतो, टोरांटोच्या शेजारी. मी मूळचा साताऱ्याचा. बर्फावरची हॉकी मी इथे येईपर्यंत टीव्हीवरसुद्धा धड पाहिली नव्हती. पण मुलगा इथे जन्मला, सहा वर्षांचा झाल्यापासून गोलकीपिंग करतो, आणि हिवाळ्यात शनिवारी पहाटे साडेपाचला त्याचे पॅड गाडीत कोंबण्यात माझं आयुष्य चाललंय. कार्डांचा नाद लागला तो टिम हॉर्टन्स या इथल्या कॉफीच्या दुकानांमुळे. २०१५ पासून दर हिवाळ्याच्या तोंडावर तिथे कॉफीबरोबर हॉकी कार्डांचं पाकीट मिळतं, अप्पर डेक कंपनीने छापलेलं. मुलाने पहिलं पाकीट फोडलं आणि माझ्या नाकात एकदम बिग फन बबलगमचा वास आला, ज्याच्याबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची. शाळेच्या पायऱ्यांवर बसून "माझ्याकडे कपिल दोन आहेत, तुझा अझर दे" म्हणणारा मीच होतो की.

घरात नियम ठरला: कार्डांवर महिन्याला चाळीस डॉलर, त्यापुढे एक छदाम नाही. चाळीस डॉलरमध्ये खूप मजा येते, विश्वास ठेवा. १९९० च्या आसपास प्रो सेट, स्कोअर, अप्पर डेक या सगळ्यांनी कार्डं अशी छापली, जशी निवडणुकीत पत्रकं छापतात. जो तो ती जपून ठेवत गेला, त्यामुळे आज त्यांना कोणी विचारत नाही. गठ्ठेच्या गठ्ठे स्वस्तात मिळतात आणि पोराची दुपार आनंदात जाते. एकदा तीस डॉलरचा "सरप्राइज बॉक्स" घेतला होता, झाकणावर क्रॉस्बी आणि मॅकडेव्हिड, म्हणजे आजचे मोठे हॉकीपटू. आत निघाली १९९० ची प्रो सेट, दोनशे. ती फसवणूक म्हणायची की शिकवणी, यावर घरात अजून एकमत नाही. ते सोडा.

मुद्दा ग्रेट्झकीचा. बर्फावरच्या हॉकीतला सगळ्यांत गाजलेला खेळाडू वेन ग्रेट्झकी, त्याचं रूकी कार्ड, म्हणजे पदार्पणाच्या मोसमातलं पहिलं कार्ड, १९७९-८० चं, क्रमांक १८, निळी किनार, अंगात एडमंटन ऑयलर्सचा जर्सी. ते दोन कंपन्यांनी काढलं होतं: अमेरिकेत टॉप्सने आणि इथे ओ-पी-चीने. ओ-पी-ची ही ऑन्टारिओतल्या लंडन गावची गोळ्या-च्युइंगगमची कंपनी होती. आमच्या घरापासून गाडीने दोनेक तास. कार्डाच्या पाकिटात गम असायचा. तेव्हा पोरांनी गम खाल्ला आणि कार्डं सायकलच्या चाकात फटफट वाजवायला लावली, म्हणून चांगल्या अवस्थेतलं कार्ड आता दुर्मीळ. कार्डाची अवस्था तपासून गुण देणाऱ्या पीएसए या ग्रेडिंग कंपनीने दहापैकी दहा गुण दिलेला ओ-पी-ची ग्रेट्झकी २०२१ मध्ये साडेसदतीस लाख अमेरिकन डॉलरना गेला.

तो आमचा विषयच नव्हता. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली की सस्कॅचेवान प्रांतात रेजायना शहरातल्या एका घरात १९७९-८० च्या ओ-पी-चीचं न उघडलेलं अख्खं खोकं सापडलं, सोळा बॉक्सचं, आणि लिलावात ते सदतीस लाख डॉलरच्या वर गेलं. मग काय, रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानाशी, उभे असलेले सगळे बाप तळघराच्या गोष्टी सांगायला लागले. मी स्वतः तर भाड्याच्या घरात राहतो, माझ्या तळघरात घरमालकाची लॉन मोअर आहे. तरी रात्री जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळायला लागलो.

तिसऱ्या आठवड्यात ती दिसली. "वडिलांचा संग्रह, तळघर रिकामं करतोय. ग्रेट्झकी रूकी, ओ-पी-ची, मधे मुरड, कोपरे गेलेले. चांगल्या घरी जावं एवढीच इच्छा."

हे वाक्य परत वाचा. मुरड, कोपरे गेलेले. कोरं करकरीत कार्ड पाचशेला म्हणाला असता तर मी हसून पुढे गेलो असतो. पण आमच्यासारखे चाळीस डॉलरवाले शोधतात तेच मुळी चुरगळलेलं, पेनाने लिहिलेलं, कोपरा कुत्र्याने चावलेलं कार्ड, कारण तेवढंच परवडतं. त्याने दोष आपणहून सांगितले, आणि मला वाटलं, काय सज्जन माणूस! शिवाय पाचशे हा आकडा असा होता की स्वस्त वाटावा, पण संशय येऊ नये. वर्षभराचे पैसे आगाऊ उचलतो, असं बायकोला सांगून मी निघालो.

एका कॉफीच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटलो. मार्च, उणे सात, संध्याकाळचे साडेसहा. साठीचा गृहस्थ, ऑयलर्सची लोकरी टोपी, बोलायला गोड. त्याच्याच गाडीत बसलो, हीटर चालू. त्याने आधी काय काढलं, तर रबरबँड लावलेला एक गठ्ठा: त्याच वर्षाची, त्याच सेटची तेवीस साधी कार्डं. "ही तुमच्या मुलाला. पैसे नकोत." मी ती हाताळून बघितली. खरी होती. वास, कागद, सगळं खरं. आणि खऱ्या कार्डांच्या पाठोपाठ जे हातात येतं तेही खरंच वाटतं. लग्नात पुढच्या रांगेत बसलेल्याला कोणी पत्रिका विचारत नाही.

मग ग्रेट्झकी. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पाट्या, मध्ये कार्ड, चार कोपऱ्यांत चार स्क्रू. पूर्वी लोक महागडी कार्डं अशीच ठेवायचे, म्हणून त्यातही मला जुनेपणाच दिसला. मी माझं ज्ञान पाजळलं. क्रमांक १८, बरोबर. मागचा मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही, म्हणजे टॉप्स नाही, ओ-पी-ची. मुरड खरी. मी म्हटलं, बाहेर काढून बघू का? तो म्हणाला, "वडिलांनी बसवलंय. चाळीस वर्षांनी काढाल तर कोपरा प्लास्टिकला चिकटून राहील. तुमचं झाल्यावर खुशाल काढा." मोबाइलची बॅटरी मारली तर प्लास्टिकवर नुसती चकाकी. आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन कोण जातं?

मी पाजळलं ते यूट्यूबवरून घेतलेलं अर्धंमुर्धं ज्ञान, आणि ज्याने ते कार्ड छापलं त्यानेही तेच व्हिडिओ पाहिले असणार. दोन भाषा, क्रमांक, निळा रंग, हे तर कॉपी करताना आपोआप येतं. मी नेमकं तेच तपासत होतो.

पैसे ई-ट्रान्सफरने. त्याचं खातं असं लावलेलं की प्रश्नोत्तराची पायरीच नाही, पाठवले की थेट जमा. दहा सेकंद. त्याने हात मिळवला, मुलाला खेळासाठी शुभेच्छा दिल्या आणि गेला. गाडीची नंबरप्लेट बघायचं मला सुचलंही नाही. बर्फाने माखलेली होती, एवढं आठवतं.

नवव्या दिवशी, शनिवारी, मुलाची मॅच संपल्यावर आम्ही एका कार्डांच्या दुकानात गेलो. मला खरं तर मिरवायचं होतं. दुकानदाराने प्लास्टिक हातात घेतलं, मागे-पुढे केलं, आणि काहीही न बोलता खणातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला. मी म्हटलं, कोपरा चिकटलेला असेल हं. तो म्हणाला, "नाही चिकटायचा."

चार स्क्रू निघाले. कार्ड सुटून काउंटरवर पडलं, पत्त्यासारखं, टप्पकन. त्याने मला विचारलं, तुमच्याकडे याच सेटचं दुसरं काही आहे का? होतं ना! तेवीस. मुलाच्या पिशवीतच होती. त्याने त्यातलं एक शेजारी ठेवलं आणि भिंग माझ्या डोळ्याला लावलं.

आधी साध्या कार्डावरचं नाव. काळी अक्षरं सलग काळी, कडा स्वच्छ, जसा शाईचा शिक्का उमटावा. मग ग्रेट्झकीचं नाव. तिथे अक्षर नव्हतंच. निळे, लाल, पिवळे, काळे ठिपके गोळा होऊन अक्षराचं सोंग घेऊन उभे होते. खऱ्या छपाईत काळ्या शाईची प्लेट वेगळी असते, अक्षरं तिच्यावरून थेट उमटतात. खऱ्या कार्डाचा फोटो काढून, स्कॅन करून पुन्हा छापलं की फोटोचे ठिपके अक्षरांतही शिरतात. मग कडा. ओ-पी-ची कार्डं तारेने कापत असे, त्यामुळे कडेला धागे निघाल्यासारखी खरखर राहते. साध्या कार्डावरून नख फिरवलं तर ते अडकत होतं. ग्रेट्झकीची कड गुळगुळीत, आणि कोपरे चारही एकसारखे झिजलेले, कानसीने घासावेत तसे. खरं कार्ड एका कोपऱ्यावर पडतं, दुसरा वाचतो. शेवटी त्याने मुरड दाखवली. मुरडीत रंग उडून आतला कागद दिसत होता, तो पांढराशुभ्र. शेजारच्या कार्डाची घडी मात्र चाळीस वर्षांच्या धुळीने तपकिरी झालेली.

त्या माणसाने फुकट दिलेली तेवीस कार्डंच त्याच्याविरुद्धचा पुरावा होती. आणि मी ती नऊ दिवस घरात बाळगून होतो.

मुलगा काही बोलला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "बाबा, निदान त्याने मुरड तरी छान केली होती."

बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्ही स्वतः केलात, पैसे परत येत नाहीत. पोलिसांत ऑनलाइन तक्रार केली. पाच हजार डॉलरखालची फसवणूक म्हणून क्रमांक मिळाला, तेवढाच. कॅनडाच्या अँटी-फ्रॉड सेंटरकडेही कळवलं. जाहिरात गायब, फोन बंद. काही महिन्यांनी बायकोने शांतपणे सांगितलं की भारतात आता ४२० कलमसुद्धा राहिलं नाही, नव्या न्यायसंहितेत ते ३१८ झालंय, "त्या आकड्यावर आणलं असतंस तर शंभर तरी वाचले असते."

मला नंतर एक गोष्ट लक्षात आली आणि ती अजून सलते. साडेसदतीस लाखवाल्याला कोणी असं कार्ड विकायला जात नाही. त्याचं कार्ड ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीत असतं, लिलावगृहाचे तज्ज्ञ असतात, वकील असतात. हे घासलेलं, मुडपलेलं कार्ड कोणीतरी मुद्दाम माझ्यासाठी बनवलं होतं. ज्याच्याकडे चारशे-पाचशेच आहेत, ज्याला खरं कार्ड परवडत नाही हे पक्कं ठाऊक आहे, आणि ज्याला वाटतं की चिकाटी आणि घासाघीस यांच्या जोरावर आपण ते मिळवू, अशा माणसासाठी.

आता माझ्या खिशात पंधरा डॉलरचं सोनाराचं भिंग असतं आणि गाडीत स्क्रू ड्रायव्हर. जो कार्ड प्लास्टिकमधून बाहेर काढू देत नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. चिडला तर चिडू दे. जुनं कार्ड बघायला जाताना त्याच सेटचं एक साधं कार्ड, दीड-दोन डॉलरचं, बरोबर नेतो. भेट ठरवायची तर कार्डांच्या दुकानात, दिवसाउजेडी. "दुकानात नको, पार्किंगमध्ये या" म्हणाला की विषय संपला. ग्रेड केलेलं असेल तर डबीवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून बघतो, पण तिथेच थांबत नाही. कारण डब्या आणि लेबलंसुद्धा खोटी येतात, खऱ्या कार्डाचा क्रमांक छापून. साइटवर कार्डाचा फोटो असेल तर त्यातली छपाई मध्यापासून किती सरकलीय, कुठला कोपरा दुखावलाय, हे हातातल्या कार्डाशी जुळवतो. पैसे देताना खरेदीदाराला संरक्षण असेल अशाच मार्गाने, चार डॉलर जास्त गेले तरी. "घरच्या माणसाला पाठवताय असं दाखवा, फी वाचेल" असं विकणारा म्हणाला की त्याचं नाव लक्षात ठेवतो.

सह्या केलेले पक (हॉकीच्या रबरी चकत्या) आणि जर्सी तर मी सोडूनच दिलेत. सोबत येणारं प्रमाणपत्र म्हणजे शेवटी कागदच, ज्याने सही बनवली त्याला कागद बनवणं काय जड? अमेरिकेत एफबीआयने "ऑपरेशन बुलपेन" नावाने खोट्या सह्यांची टोळी पकडली, तेव्हा तिथेही मालाबरोबर प्रमाणपत्रं होतीच.

ओळखीतल्या एकाने सुचवलं, "टाक परत ऑनलाइन, जसं आहे तसं म्हणून. कोणीतरी घेईल." कोणीतरी घेईलच, त्यात शंका नाही. त्याच रात्री मी पर्मनंट मार्करने कार्डाच्या पाठीवर, इंग्रजी-फ्रेंच मजकुरावरून आडवं, "खोटं" असं लिहिलं. मुलगा म्हणाला, देवनागरीत लिहिलंस तर इथे कोणाला कळणार? बरोबर होतं त्याचं. मग त्याने खाली इंग्रजीत लिहिलं.

तेवीस खरी कार्डं त्याने अल्बममध्ये लावलीत, क्रमांकाप्रमाणे, जागा सोडून. ३९६ चा सेट आहे, म्हणजे अजून ३७३ बाकी, आणि बहुतेक दोन डॉलरच्या आतली. एका पानावर नऊ कप्पे असतात, त्यामुळे १८ नंबर दुसऱ्या पानाच्या शेवटच्या कप्प्यात येतो. तिथे सध्या त्याचं स्वतःचं कार्ड आहे, क्लबच्या फोटोच्या दिवशी छापून मिळालेलं, अंगावर गोलकीपरचे पॅड, मास्क डोक्यावर सरकवलेला. आडनाव चुकीचं छापलंय. तो म्हणतो, चूक छापलेली कार्डं जास्त किमतीला जातात, आणि पाचशेच्या खाली तो यायला तयार नाही.