झेंडूची दोन व ॲस्टरचे एक पाकीट: लेबलवरचा टक्का आणि ट्रेमधली रोपे

सातारा तालुक्यातील आमच्या लहान रोपवाटिकेत दसरा-दिवाळीच्या झेंडूची रोपे दरवर्षी जुलैमध्ये तयार करावी लागतात. यंदा त्यासाठी सांगलीतील एका बियाणे दुकानातून तीन पाकिटे घेतली. पहिले संकरित नारंगी झेंडूचे, एक हजार बियांचे, लेबलवर उगवण किमान ८० टक्के. दुसरे सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाच्या पिवळ्या झेंडूचे, दहा ग्रॅमचे, किमान ७० टक्के. तिसरे ॲस्टरचे, किमान ६५ टक्के. यांतील एकाही लेबलवर हा टक्का कोणत्या पद्धतीने आणि कितव्या दिवशी मोजला, हे छापलेले नाही. म्हणून हे परीक्षण पाकिटांचे जितके आहे, तितकेच त्या टक्क्याचेही आहे.

भाताच्या किंवा टोमॅटोच्या बियाण्याला कायद्याचा जो आधार आहे तो फुलांच्या बियाण्याला नाही, ही गोष्ट बऱ्याच खरेदीदारांच्या लक्षात येत नाही. १९६६ च्या बियाणे कायद्यातील ‘बियाणे’ या शब्दाच्या व्याख्येत अन्नपिके, फळे, भाजीपाला, कापूस, वैरण आणि नंतर घातलेला ताग एवढीच पिके आहेत. झेंडू त्यात कोठेही बसत नाही. अमेरिकेतही केंद्रीय बियाणे कायदा शेतपिके व भाजीपाला यांच्यापुरता असून फुलांचा विषय राज्यांकडे सोडलेला आहे. त्यामुळे फुलांच्या पाकिटावरचा टक्का हा मुख्यतः कंपनीने स्वतःहून दिलेला शब्द असतो आणि तो कोणत्या मापाने तोलायचा हे आपणच ठरवावे लागते.

सर्वांत काटेकोर माप आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटनेचे, म्हणजे इस्टाचे आहे. १९२४ साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या नियमांत फुलझाडांसाठी वेगळा तक्ता आहे. शुद्ध बियांतून चारशे बिया घेऊन शंभराचे चार संच ओल्या कागदावर ठेवायचे. तापमान स्थिर २० अंश, किंवा सोळा तास २० व आठ तास ३० अंश असे आलटूनपालटून. झेंडूची पहिली मोजणी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आणि शेवटची चौदाव्या दिवशी होते. ॲस्टरची पहिली मोजणी चौथ्या ते सातव्या दिवशी आणि शेवटची चौदाव्यालाच. झिनिया दहा दिवसांत निकाली निघतो, पॅन्सीला मात्र एकवीस दिवस द्यावे लागतात. या पद्धतीत मोड येणे पुरेसे नसते. मूळ, खोडाचा भाग आणि निम्मी तरी शाबूत बीजपत्रे असलेले ‘सामान्य रोप’च मोजले जाते, वाकडी, मूळ खुंटलेली किंवा कुजलेली रोपे ‘असामान्य’ म्हणून वेगळी काढली जातात. चार संचांतील फरकालाही मर्यादा आहे, पण ती आपल्याला वाटते त्याहून सैल आहे: सरासरी ८० टक्के असताना सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट संचात १६ टक्क्यांपर्यंतचे अंतर चालते.

दुसरे माप दुकानातले. ओल्या फडक्यात बिया गुंडाळायच्या आणि चार-पाच दिवसांनी मोड मोजायचे. तिसरे रोपवाटिकेचे: प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपांसाठीच्या खणांच्या ट्रेमध्ये पेरून विकता येईल अशी किती रोपे निघाली, एवढाच हिशेब. मी तिन्ही मापे लावली. संकरित झेंडूचे एक बी सव्वादोन रुपयांना पडत असताना चारशे बिया कागदावर घालवणे परवडण्यासारखे नाही, म्हणून प्रत्येक पाकिटातील शंभर बिया पंचवीसच्या चार संचांत टीपकागदावर, झाकणाच्या डब्यात ठेवल्या. उगवण कक्ष आमच्याकडे नाही. खोलीतील तापमापक त्या पंधरवड्यात २३ ते २८ अंशांच्या दरम्यान राहिला. शंभर बियांच्या चाचणीत नुसत्या योगायोगाने आठ-दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो, हे पुढचे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे.

संकरित नारंगीच्या शंभर बियांपैकी ९३ ना मोड आला, चौदाव्या दिवशी ८४ सामान्य रोपे मिळाली आणि १०४ खणांच्या ट्रेमधून ७९ विक्रीयोग्य रोपे, म्हणजे ७६ टक्के निघाली. कागदावरच्या ८४ पैकी ७१ रोपे पाचव्या दिवशीच मोजण्याजोगी झाली होती आणि माझ्या मते या पाकिटाचा खरा गुण तोच आहे, कारण रोपे एकसारखी वाढली की ट्रे एकाच दिवशी उचलता येतो. ८४ हा आकडा ८० पेक्षा जास्त दिसला तरी वर सांगितलेला योगायोगाचा फरक धरता कंपनीने कबूल केल्यापेक्षा जास्त दिले, असे म्हणता येत नाही. शब्द पाळला, एवढे नक्की. एक रोप जवळजवळ तीन रुपयांच्या बियाला पडले.

सरळ वाणाच्या पाकिटाने मला अधिक विचारात पाडले. मोड ८७ बियांना आला, सामान्य रोपे ७२ आणि ट्रेमधील वापरण्याजोगी रोपे केवळ ५४ टक्के. म्हणजे फडक्यातल्या चाचणीत हे बियाणे उत्तम ठरते, इस्टाच्या पद्धतीत लेबलला उतरते आणि रोपवाटिकेत निराशा करते. तिन्ही आकडे खरे आहेत. कारण पाचव्या दिवशीच्या मोजणीत सापडते: तोपर्यंत फक्त ३८ सामान्य रोपे होती. बी जिवंत आहे, पण त्याचा जोम कमी आहे आणि चौदा दिवसांची मुदत हा दोष झाकून टाकते. शिवाय हे पाकीट वजनावर विकले जाते. एक ग्रॅम निवडून पाहिले तेव्हा सुमारे दहावा हिस्सा काडीकचरा आणि तुटलेली शेपटे निघाली. उगवण शुद्ध बियांचीच तपासतात, त्यामुळे शुद्धता ९० धरली तर ७२ चे प्रत्यक्षात ६५ होतात, आणि शुद्धतेचा आकडा लेबलवर नाहीच. गादीवाफ्यावर दाट फेकून विरळणी करणाऱ्याला हे स्वस्त बियाणे चालेल. ट्रेसाठी मी ते पुन्हा घेणार नाही.

ॲस्टरबद्दल थोडक्यात सांगतो. मोड ५८, सामान्य रोपे ४१. लेबलवरील ६५ पासून हे अंतर योगायोगाचे नाही. पाकिटावरची चाचणीची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची होती. ॲस्टरचे बी साठवणीत लवकर निकामी होते, दमट हवेत तर फारच लवकर. ट्रेमध्ये पेरण्याचे धाडस मी केले नाही.

पाकीट घेऊन दुकानात गेलो तेव्हा दुकानदारांनी डबा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, “दादा, मोड तर निम्म्याहून जास्त बियांना आलेत की!” मी वाकडी रोपे चिमट्याने वेगळी करून दाखवली. त्यांनी वाद न घालता दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेचे दुसरे पाकीट दिले, ही त्या दुकानाची जमेची बाजू. नव्या ॲस्टरच्या शंभर बिया डब्यात ठेवून आज पाचवा दिवस आहे. मोड भरपूर दिसत आहेत. वहीतला रकाना मात्र चौदाव्या दिवसापर्यंत रिकामा ठेवला आहे.