पक्की बेरीज की वेळेतला अंदाज?

समजा, नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहाराची संत्री उतरताहेत आणि लिलावाला दोन मिनिटं उरलीत. अडत्याला गेल्या पाच वर्षांतला या आठवड्याचा सरासरी भाव हवाय. राज्यभरच्या बाजारांतल्या नोंदी कोट्यवधी.

क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. अचूक क्वेरी लागणारी प्रत्येक ओळ, म्हणजे नोंद, वाचते. उत्तर पक्कं, पण लिलाव उरकल्यावर आलं तर काय उपयोग?

अंदाजी क्वेरी घड्याळ पाळते. थोड्याच ओळींचा यादृच्छिक (सोडतीसारखा) नमुना घेऊन सरासरी काढते आणि सोबत सांगते: ९५ टक्के विश्वासाने, अधिक-उणे इतकं. हे ‘अधिक-उणे’ मला उत्तराइतकंच मोलाचं वाटतं. त्याच्याशिवाय आकडा दाखवूच नये. नमुना चौपट केला की चूक साधारण निम्मी होते, म्हणून बरीचशी सुधारणा सुरुवातीलाच पदरात पडते. १९९७ च्या ‘ऑनलाइन ॲग्रिगेशन’ संशोधनात उत्तर डोळ्यांदेखत सुधारत जायचं. २०१३ च्या ब्लिंकडीबी या डेटाबेस प्रणालीत तर वेळेची किंवा चुकीची मर्यादा क्वेरीतच लिहिता यायची.

पण ‘सर्वांत जास्त भाव किती?’ विचारलं की नमुना फसतो; नेमकी ती ओळ त्यात बहुधा नसतेच. लहान गावाची मोजकी आवकही अशीच निसटते. त्यासाठी गावागावाचे नमुने आधीच वेगळे साठवावे लागतात.

शेतकऱ्याची हिशेबपट्टी करताना मात्र अंदाज अजिबात नको. तिथे रुपया न् रुपया मोजायचा, थांबावं लागलं तरी.